शाल पांघरून दाराबाहेर

ज्या बाईच्या खांद्यावर तुम्ही शाल घातलीत, तिला तिच्याच ऑफिसातल्या मीटिंगमधून बाहेर जायला सांगितलं, तेव्हा तुमचे हात कुठे होते?

माझे कीबोर्डवर होते. ते पुढे सांगते. तोवर तुम्ही तुमचे आठवून ठेवा.

आज सकाळी शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलला पहिला बर्फ पडला. धड साचलाही नाही, ड्राइव्हवेवर पिठी सांडल्यासारखा पडून आहे. पण बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक येऊन गेला आणि बुटांखाली ती करकर सुरू झाली. कपाटातून जाड कोट काढला तर खिशात एक चुरगळलेलं स्टिकर सापडलं, ‘हॅलो, माझं नाव’ असं छापलेलं, खाली माझ्याच अक्षरात माझं नाव. तीन हिवाळ्यांपूर्वीचं. ते हातात घेऊन उभी असतानाच फोनवर आपल्या मराठी मंडळाचा ईमेल आला. यंदाचा सेवा सत्कार सोहळा. खाली फोटो होता, शहरात बेघर बायकांसाठी निवारा चालवणाऱ्या एका ब्लॅक बाईचा. हसरा, थकलेला चेहरा. शाल, श्रीफळ, त्यानंतर जेवण, कृपया वेळेवर यावे.

मला तो फोटो बघवला नाही. खोटं कशाला बोलू?

अमेरिकेत एक ऋतू असा आहे, जो भूगोलाच्या पुस्तकात सापडत नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या टर्कीबरोबर तो सुरू होतो आणि ख्रिसमसची झाडं कचऱ्याच्या डब्याशेजारी आडवी पडली की संपतो. या पाच-सहा आठवड्यांत सगळ्यांना दया येते. एरवी हायवेवरून काचा वर करून ज्या वस्त्या आपण ओलांडतो, त्यांच्यात शनिवारी सकाळी मुलांना घेऊन जातो. मुलं हातमोजे घालून डबे वाटतात, आया फोटो काढतात, फोटो कॉलेजच्या अर्जात जातात. ओल्या लोकरीचा वास, रेडिएटरची शिट्टी, कागदी पेल्यातली पाणीदार कॉफी, खोक्यांच्या पुठ्ठ्याने कोरडी पडलेली बोटं. या वासांवर माझं प्रेम होतं. आता ते आले की मी खिडकी उघडते.

शिकागोच्या पश्चिम भागात विटांच्या एका जुन्या इमारतीत आमची संस्था होती. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या घरी जायचं, त्यांचं बीपी बघायचं, बाळाचं वजन करायचं, डायपर पोचवायचे. आणि हॉस्पिटल त्यांचं ऐकत नसेल तर ऐकायला लावायचं. हे शेवटचं काम कुठल्याही ब्रोशरमध्ये छापलेलं नव्हतं. मी समाजकार्याचं शिक्षण संपवून तिथे नोकरीला लागले होते. राहायला सुधीरकाकांच्या बेसमेंटमध्ये. काका बाबांचे लांबचे चुलतभाऊ, हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त. ते संस्थेच्या बोर्डावर, म्हणजे विश्वस्तांत होते, त्यांच्या शब्दावरच मला नोकरी मिळाली होती. रोज सकाळी काकू ट्रेनसाठी मला स्टेशनवर सोडायच्या आणि न चुकता म्हणायच्या, “जपून गं. ते एरिया कसे असतात, तुला माहिती नाही.”

त्या एरियात माझी सगळ्यात जास्त काळजी घेणारी बाई म्हणजे आमच्या डायरेक्टर, मिस डेनीस. तिथल्या ब्लॅक वस्तीत वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने कोणी हाक मारत नाही, पुढे ‘मिस’ लागतंच. आपल्याकडे मावशी लावतात तसं. पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची बाई. पायात पुरुषांचे बर्फाचे बूट. “बायकांचे बूट फोटोसाठी असतात, बेबी. मला चालायचं असतं.” कुठल्याही घरी गेली की आधी हात काखेत घालून ऊब येईपर्यंत उभी राहायची, मगच बाळाला हात लावायची. तोवर आईला विचारून घ्यायची, जेवलीस का? खरं सांग.

तिला ती खुर्ची कशी मिळाली, तेही ऐका. आधीचे डायरेक्टर गोरे, मृदू, सगळ्यांचे लाडके. बॉयलर फुटला, दोन मजल्यांवर पाणी झालं, अर्धा स्टाफ सोडून गेला, तेव्हा त्यांना अचानक लिखाणासाठी वेळ हवासा वाटला. मग बोर्डाला आठवलं की आपल्याकडे पंधरा वर्षं काम करणारी एक ब्लॅक बाई आहे. बुडणाऱ्या बोटीच्या किल्ल्या तिच्या हातात देऊन त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने बोट वर काढली. मग त्यांना दिसलं की ती वल्ही मारताना फार आवाज करते.

आपल्या मंडळाने तिचा सत्कार केला, तो तीन हिवाळ्यांपूर्वीचा नोव्हेंबर. एका शाळेचं सभागृह, बाहेर बुटांचा ढीग, आत उदबत्ती. निवेदिकेने तिला ‘आपली आफ्रिकन अमेरिकन भगिनी’ म्हटलं. ही भगिनी स्टेजवरची. पार्किंगमध्ये आणि ड्रॉइंगरूममध्ये आपण कुठला शब्द वापरतो, तो मी इथे लिहीत नाही. तुम्हाला तो पाठ आहे. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ हातात दिला. मिस डेनीसने नारळ कानाजवळ नेऊन हलवला. आतलं पाणी वाजलं. तिला इतका आनंद झाला की माइकवरच म्हणाली, “हा तर जिवंत आहे!” सभागृह हसलं. मग तिने तीन मिनिटांत एकच गोष्ट मागितली. तुमच्यात इतके डॉक्टर आहेत. महिन्यातून एकदा, आमच्या बायकांचं ऐकून घ्या म्हणून तुमच्या हॉस्पिटलला फोन करा.

टाळ्या कडकडून पडल्या. फोन एकानेही केला नाही.

परतीच्या गाडीत काकू म्हणाल्या, “छान बोलते हं. पण जरा लाऊड आहे ना?”

“अमेझिंग लेडी,” काका म्हणाले. “जस्ट, थोडं पॉलिश हवं.”

काकांना मी राक्षस ठरवणार नाही. तेवढी सोय मी तुम्हाला देणार नाही. ते या देशात आले, तेव्हा पेशंट त्यांचा हात छातीला लागू देत नसत. दुसरा डॉक्टर बोलवा म्हणत. मग काकांनी आवाज खाली आणला, उच्चार घासूनपुसून घेतले, पंचवीस वर्षं कोणाला राग येणार नाही अशा बेताने बोलले. त्यांना घर मिळालं, मान मिळाला. म्हणून त्यांना प्रामाणिकपणे वाटतं की जो मोठ्याने बोलतो, त्याचंच चुकतं. स्वतः गिळलेलं दुसऱ्यालाही गिळायला लावणं, याला ते मार्गदर्शन म्हणतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी आम्ही कियाराकडे गेलो. वीस-बावीस वर्षांची मुलगी, बाळ दहा दिवसांचं. दोन दिवस तिचं डोकं ठणकत होतं. हॉस्पिटलात जाऊन आली होती. गोळी घे आणि झोप, असं सांगून त्यांनी परत पाठवलं होतं. मिस डेनीसने बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, दोन्ही वेळा भयंकर चढलेलं, आणि खांद्यावरची सत्काराची शाल काढून बाळाला गुंडाळून माझ्या हातात दिलं. “गाडीत बस.” गाडी ती चालवत होती, स्पीकरवर हॉस्पिटलला लावलेला फोन. पहिल्यांदा ती शांतपणे बोलली. त्यांनी होल्डवर टाकलं. दुसऱ्यांदा बोलली, पुन्हा ते पियानोचं संगीत. तिसऱ्यांदा ती अशी ओरडली की माझ्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं.

“मी हळू बोलले तेव्हा तुम्ही मला होल्डवर टाकलंत. आता मी ओरडते आहे. आता येतंय ऐकू? माझ्या मागच्या सीटवर एक बाई मरायला टेकली आहे आणि मी सहा मिनिटांत तुमच्या दारात येते आहे. दारात माणूस उभा पाहिजे!”

दारात माणूस उभा होता. कियारा वाचली. शाल तिच्याकडेच राहिली. पुढे काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या हळहळल्या, “अगं, काठाची शाल होती ती! बाळाच्या शी-शूत गेली असेल.”

त्याच आठवड्यात मी मागच्या दारी डायपरचं एक मोठं खोकं बर्फात ठेवून विसरले. सकाळपर्यंत त्याचा लगदा झाला. मिस डेनीस सगळ्यांसमोर मला बोलली. “मास्टर्स केलंस ना तू? कागद पाण्यात भिजतो, हे कुठल्या सेमिस्टरला असतं?” सगळे हसले. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. चूक माझीच होती, म्हणून जास्त रडले.

मग तो फॉर्म आला.

दरवर्षी या ऋतूत बोर्ड डायरेक्टरचं मूल्यमापन करतं आणि स्टाफलाही एक फॉर्म भरायला देतं. नाव लिहायचं नसतं. शेवटचा प्रश्न होता: तुमच्या डायरेक्टरला कोणत्या बाबतीत आधाराची गरज आहे? मी कोण, ते आता सांगते, कारण माझ्यासारखी वाढलेली मुलगीच हा प्रश्न खरा मानेल. माझी आई सोलापूरची अंगणवाडी सेविका. तिच्या युनियनची पत्रकं आमच्या घरात यायची, पिवळी, गुलाबी, शाई न वाळलेली. घड्या घालायचं काम माझं. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी ‘कमळ’च्या आधी वाचले असतील. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या गच्चीवर सेविका गोल करून बसायच्या आणि एकमेकींच्या चुका सांगायच्या. तोंडावर.

“मालनबाई, तुम्ही साहेबासमोर रडलात. रडायचं नव्हतं.”

“रडले बाई. पण तू तर पळालीस की गं जिन्यावरनं!”

हशा व्हायचा. पण एक नियम कडक होता. जिच्याबद्दल बोलायचं, ती समोर बसलेली पाहिजे. ती चहा आणायला खाली गेली तरी बोलणं थांबायचं. कपबशा वाजत ती वर आली की पुन्हा सुरू.

मला वाटलं, तो फॉर्म म्हणजे इथली गच्ची. मी प्रामाणिकपणे लिहिलं. त्या ओरडतात. हॉस्पिटलच्या लोकांवरही फोनवर ओरडतात. डायपरच्या खोक्यावरून मला सगळ्यांसमोर अपमानित केलं. रजा घेत नाहीत, दुसऱ्या कोणाला काही ठरवू देत नाहीत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं कामाला आलं. ओरडण्याने कोण वाचलं, ते मी लिहिलं नाही. ते विचारलंच नव्हतं.

बोर्डाची मीटिंग ख्रिसमसच्या आधी, दुपारी होती. टेबलावर लाल फुलांची कुंडी आणि लवंग-दालचिनीची बिस्किटं. अर्ध्या तासाने चेअरबाई, मोत्यांची माळ घातलेल्या निवृत्त वकील, गोड आवाजात म्हणाल्या, “डेनीस, आम्हाला थोडा वेळ देशील? फक्त बोर्डाचं बोलणं आहे.” ही तिथली रीत. डायरेक्टरबद्दल बोलायचं असलं की डायरेक्टरला बाहेर पाठवतात. मी मीटिंगचं इतिवृत्त टाइप करायला बसले होते, मीही उठले. चेअरबाई म्हणाल्या, “तू थांब. तू लिहून घे.” काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बस, बस.

मी बसले.

दाराला उभ्या पट्टीएवढी काच होती. तिच्यातून बाहेरचा पॅसेज दिसत होता. काकांनी चष्मा लावला आणि माझी वाक्यं वाचून दाखवली. “आय लव्ह डेनीस. वी ऑल लव्ह डेनीस. पण हे मी नाही म्हणत, हे स्टाफ म्हणतोय.” कोणी म्हणालं, टोनचा इश्यू आहे. कोणी म्हणालं, हॉस्पिटलशी संबंध बिघडले तर? कोणी बिस्किट मोडत म्हणालं, मला तर कधीकधी तिची भीतीच वाटते. आणि एकामागून एक सगळ्यांनी तोच शब्द उचलला, सपोर्ट. आपण तिला सपोर्ट कसा करू शकतो? ठरलं असं की रोजचा कारभार बघायला एक अनुभवी गृहस्थ आणायचे. सह्या त्यांच्या, स्टाफ त्यांच्या हाताखाली. डेनीसने भाषणं करावीत, देणगीदारांना भेटावं. “चेहरा म्हणून ती बेस्ट आहे,” काका म्हणाले. “आमच्या कम्युनिटीने तर तिचा सत्कारही केलाय.”

मी हे सगळं टाइप केलं. एकही शब्द चुकवला नाही.

काचेतून मला काय दिसत होतं, सांगते. बाहेर डिलिव्हरीचा ट्रक आला होता. ड्रायव्हर खोकी मागच्या दारी बर्फात उतरवून गेला असणार, कारण मिस डेनीस ती एकेक करून आत आणत होती. काचेच्या पट्टीतून आधी खोकं सरकायचं, मग तिचा खांदा, मग मोकळी भिंत. पुन्हा खोकं. पुन्हा खांदा. आत तिला काढून टाकायचं चाललं होतं आणि बाहेर ती डायपर भिजू नयेत म्हणून धावत होती. माझ्यापासून दार सात-आठ पावलांवर होतं. उठून ते उघडायचं आणि म्हणायचं, ही वाक्यं माझी आहेत, आणि जिच्याबद्दल आहेत ती आत बसल्याशिवाय एक शब्दही पुढे जायचा नाही. आमच्या गच्चीवरची कुठलीही सातवी पास बाई हे करून मोकळी झाली असती. मी नोकरीवर टांगलेल्या व्हिसाचा विचार केला, बेसमेंटचा विचार केला. काकांना काय वाटेल, याचा केला. पत्रकांवर वाढलेली मुलगी मी. पत्रकं फक्त वाचता येतात मला, हे तेव्हा कळलं.

तिला आत बोलावलं ते फक्त हो म्हणायला. तिने ऐकून घेतलं. विचारलं, “हे कोणाचं म्हणणं आहे?”

“स्टाफचं,” चेअरबाई म्हणाल्या.

मिस डेनीस कीबोर्डवर हलणाऱ्या माझ्या बोटांकडे बघत नव्हती, कोणाकडेच बघत नव्हती. “चेहरा ना?” ती म्हणाली. “तो माझाच आहे. तो मी घरी घेऊन जाते. बाकीचं तुम्ही ठेवा.”

घरी जाताना काका खुशीत होते. “बरंच झालं तिच्यासाठी. बर्नआउट झाली असती. आणि तू प्रामाणिकपणे लिहिलंस म्हणून सगळं सोपं झालं, बेटा.” इतकं जीवघेणं कौतुक माझं आजवर कोणी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सामान आवरायला आली. इतिवृत्त मागून घेतलं, उभ्यानेच वाचलं. डायपरच्या खोक्यापाशी थांबली. ते खोकं फक्त माझंच असू शकत होतं.

“बेबी,” ती म्हणाली, “हे तू मला सांगितलं असतंस, तर मी सॉरी म्हटलं असतं. त्या दिवशीच म्हटलं असतं.”

त्या दिवशी ती अजिबात ओरडली नाही. मी वाट बघत होते. टेबलावरचा नारळ तिने माझ्या हातात दिला. “तुझ्या लोकांचा आहे. हा कसा फोडतात, ते मला कोणी दाखवलंच नाही.”

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“मग तू काय केलंस?”

“टाइप केलं.”

“टाइप केलंस.”

 मग म्हणाली, “इकडे उन्हाळ्यासारखं ऊन आहे आज,” आणि फोन ठेवला. तिची ती शिक्षा करायची पद्धत आहे.

संस्था आहे अजून. नवे गृहस्थ फार शांत आहेत. हॉस्पिटल ऐकत नसेल तर ते ईमेल करतात. सगळे त्यांच्यावर खूश आहेत. मी वर्षभरात तिथून बाहेर पडले, काकांच्या घरातूनही. राहते अजून याच गावात, दोन मैलांवर. नारळ माझ्या खिडकीत आहे. हलवला तर आता काहीच वाजत नाही.

गेल्या महिन्यात कियाराचा मेसेज आला. बाळाच्या वेळचा माझा नंबर तिने ठेवला होता. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. “तिथे फोन केला तर ते मला होल्डवर ठेवतात. मिस डेनीसचा नंबर आहे का?” होता. मी पाठवला. कळलं की मिस डेनीस आता एका शाळेच्या ऑफिसात हजेरी बघते आणि शनिवारी स्वतःच्या गाडीतून, तेच बूट घालून, बाळंतिणींच्या घरी जाते. एकटी. म्हणजे तिचं काम आपल्याला थांबवता आलेलं नाही. तिच्यामागची माणसं तेवढी आपण काढून घेतली. तिच्या ओरडण्याला दारात उभं राहणारं हॉस्पिटल यापुढे मिळेल की नाही, ते कियाराच्या बाळंतपणात कळेल. मार्चमध्ये.

आणि आज हा ईमेल. यंदाच्या सत्कारमूर्तीच्या बोर्डावर आपल्यातले दोघं आहेत, हे मी शोधून काढलंय. त्यांच्या संस्थेची मूल्यमापनाची मीटिंग जानेवारीत आहे. म्हणजे शाल आधी, दार नंतर. आपला क्रम बदलत नाही. माझा ‘जाहीर निषेध’ मी मंडळाला कळवलाय, पण तो त्यांनी नेहमीप्रमाणे ‘सूचना’ या फोल्डरमध्ये टाकला असणार. म्हणून तुमच्याकडे आले.

तुम्ही नेपरव्हिलला असा, फ्रिस्कोला असा, फ्रीमाँटला असा. तुमच्यातले कितीतरी जण अशा बोर्डांवर आहात, बिस्किटं खाताय, चष्मा लावून दुसऱ्यांची वाक्यं वाचताय. यंदा शाल विकत घेऊ नका. टाळ्याही नकोत. तिला पॉलिश नको आहे, तुमचं प्रेम तर मुळीच नको आहे. मी एकच गोष्ट मागते, मला न जमलेली. यापुढच्या कुठल्याही मीटिंगमध्ये एखाद्या ब्लॅक बाईला तिच्याच संस्थेच्या खोलीतून ‘थोडा वेळ’ बाहेर जायला सांगतील, तेव्हा खुर्ची मागे सरकवा. आवाज होऊ दे. दारापर्यंत जा, ते उघडा आणि तिला आत बोलवा. तुमच्या खुर्चीवर बसवा आणि जे बोलायचं ते तिच्या तोंडावर बोला.

दार सात-आठ पावलांवर असतं. मी मोजलेलं आहे.